राखाडी कापडावरची शेवंती

मी कोल्हापूर सोडलं त्या सकाळी आईनं माझ्या केसांत शेवंतीची वेणी माळली. घरचीच पांढरी शेवंती. शाहूपुरीतल्या आमच्या घरामागं तेलाच्या रिकाम्या डब्यांत तिनं ती लावलेली होती. बाबा गेल्यापासून आई स्वतः फूल माळत नव्हती. पण लावायची, खुडायची, गुंफायची आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून द्यायची. माझी धाकटी बहीण सुनंदा तिला म्हणायची, "घाल की गं एक, कोण बगायलंय?" आई म्हणायची, "मी बगतोय की."

स्टेशनवर गाडी हलेपर्यंत आईचं एकच चाललं होतं. "हाताला काम दे बाई. हात रिकामा ऱ्हायला की मन खाया उठतंय." मिलिंद, माझा नवरा, वरच्या फळीवर बॅगा बसवत होता. तो ओतकामाच्या साच्यांचा इंजिनिअर, त्याच्या कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी जपानला पाठवलं होतं. तीन वर्षं, असं मी आईला सांगितलं होतं आणि ते मला खरंही वाटत होतं. सुनंदा खिडकीच्या गजाला धरून गाडीबरोबर चार पावलं चालली आणि ओरडली, "आक्का, तिकडचं काय तरी शिकून ये!"

मुंबईच्या विमानतळावर वेणीच्या पाकळ्या नव्या कोटावर गळायला लागल्या. मी ती बाथरूममध्ये सोडवली आणि बेसिनच्या कडेला ठेवून आले. पोचल्यावर आईनं फोनवर विचारलं, "वेणी टिकली का गं?" म्हटलं, "पार इथं येईपर्यंत." ती केवढी खूश झाली. ही थाप छोटी. तिच्यापुढची एक थाप मोठी आहे आणि तिच्याबद्दल लिहायलाच आज बसले आहे. जे मागं राहिलात ते आणि जे माझ्यासारखे निघून गेलात ते, दोघंही वाचाल. निघून गेलेल्यांना यात नवल वाटणार नाही, अशी मला भीती आहे.

नागोयाच्या जवळ एक कारखान्यांचं गाव आहे, तिथं आम्ही राहतो. रस्ते स्वच्छ, माणसं हळू बोलणारी. आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मिलिंदच्या नाशिकच्या घरी त्यावरून हसले तेव्हा मी ते सोडलं. जपानला गेल्यावर मोठ्यानं बोलणं सोडलं. मग आमच्या मुलाची, ओमकारची, शाळा सुरू झाली आणि घरात तो जपानीत उत्तरं द्यायला लागला, तेव्हा उरलेलं मराठीही फोनपुरतं झालं. तीन वर्षं संपली, करार वाढला, पुन्हा वाढला. सुरुवातीला दर दिवाळीला जात होते. मग एक सोडून एक. मग ओमकारच्या परीक्षा, मग विमानंच बंद झाली तो काळ. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. ओळीनं मांडली की मात्र ती सगळी एकाच माणसानं रचल्यासारखी दिसतात.

विमानं सुरू झाल्यानंतर आई मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. सुनंदाचा फोन आला. ती तेव्हा वारणानगरला शाळेत शिकवत होती, रोज एसटीनं जाऊन येऊन. "आक्का, ऑपरेशन हाय. तू यायला लागतंय. माझ्या एकटीच्यानं होत न्हाई." ओमकारची कॉलेजची प्रवेशपरीक्षा तोंडावर होती. मी म्हटलं, परीक्षा झाली की लगेच येते. परीक्षा झाली. निकाल लागला, तो दुसऱ्या शहरात राहायलाही गेला. मी गेले नाही. तोवर सुनंदानं नोकरी सोडली होती आणि आई भिंतीला धरून चालायला लागली होती. आता गेले तर सुनंदाच्या तोंडाकडं बघायचं कसं, हा प्रश्न होता. जितके दिवस ढकलले तितकं ते तोंड अवघड झालं. तिनं बोलून काही दाखवलं नाही. फोनवर फक्त "कवा येतीस?" हे विचारायची बंद झाली.

ओमकार गेल्यावर घरात आवाजच नव्हता. मिलिंद सकाळी जायचा, रात्री यायचा. तेव्हा गावच्या सांस्कृतिक केंद्रात जपानी भरतकामाचा वर्ग असतो असं कळलं आणि मी नाव घातलं. हाताला काम.

शिकवणाऱ्या हायाशी सेन्सेई. सेन्सेई म्हणजे गुरुजी, पण मी त्यांना मनात बाईच म्हणते, शाळेतल्या बाईंसारख्या त्या आहेत: पंच्याहत्तरीच्या, ताठ, खडूसारख्या कोरड्या. वर्गात आम्ही पाचजणी. हे भरतकाम आपल्यासारखं मांडीवर रिंग घेऊन होत नाही. रेशमी कापड लाकडी चौकटीवर ढोलाच्या चामड्यासारखं ताणून बांधायचं, एक हात कापडाच्या वर, एक खाली. खालचा हात दिसत नाही, त्यानं अंदाजानं सुई वर पाठवायची. धागाही तयार नसतो. न पिळलेलं मऊ रेशीम मिळतं, ते फुलाच्या गरजेप्रमाणे आपणच पिळायचं. दोन पदर तळव्यांमध्ये धरून एका बाजूला वळायचे, मग दोन्ही एकत्र करून उलट्या बाजूला सोडायचे. बाकीच्यांना यालाच महिने लागले. मला पहिल्याच दिवशी जमलं. बाईंनी धागा उजेडात धरला आणि विचारलं, कुठं शिकलात? मी म्हटलं, आमच्याकडं देवाच्या दिव्याला कापसाच्या वाती लागतात, आई वळायला बसवायची.

त्या दिवशी वर्गात मी पहिल्यांदा 'आई' हा शब्द उच्चारला.

पहिला नमुना बाईंनी दिलेला होता, तो झाला. दुसरा ज्यानं त्यानं स्वतः आखायचा. मला काय भरायचं ते विचार न करता ठरलेलं होतं. शेवंती. आईच्या डब्यांतली, पांढरी, बारकी, एकमेकींना खेटून आलेली. पांढरं उठून दिसावं म्हणून कापड घेतलं राखाडी. दुसरा रंग कुठं नाही. शालीएवढा लांब पट्टा घ्यायचा आणि आईच्या खांद्यावर घालायचा, असं माझ्या डोक्यात होतं. कधी जाऊन घालणार, ते डोक्यात नव्हतं.

चौकटीवर आखणी बघून बाई थांबल्या. शेजारच्या बायकाही. जपानात शेवंतीला मोठा मान, किमोनोवर ती असते, पण लाल, पिवळी, जांभळी, सगळी मिळून. नुसती पांढरी, इतकी दाट, असल्या रंगावर, अशी ती एकाच प्रसंगाला असते. हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. शेजारी कुणी गेलं की दारात पांढऱ्या शेवंतीचे गुच्छ मी पाहिले होते, एकदा स्वतः नेऊनही दिला होता. पण कापडावर शेवंती आखताना माझ्यापुढं आमच्या घरामागचे डबे होते.

बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आईंसाठी का?"

"हो."

"केव्हा गेल्या?"

इथं मला नीट सांगू द्या. भाषा अडली नाही. मला तोवर चांगली जपानी येत होती. 'नाही हो, आहे, कोल्हापुरात आहे' एवढं म्हणायला दोन श्वास पुरे होते. पण त्याच्यामागून पुढचा प्रश्न आला असता: कशा आहेत, कोण बघतं, तुम्ही कधी भेटलात? मी म्हटलं, "मागच्या हिवाळ्यात."

बाई उठल्या, कपडे सारखे केले आणि माझ्यापुढं कमरेत वाकल्या. बाकीच्याही वाकल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी मिळून मला उदबत्त्यांची पेटी दिली, जांभळ्या कागदात बांधलेली, तिकडं कुणी गेलं की घरच्यांना देतात तशी. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण हेच लिहायचं आहे. मला बरं वाटलं. मी आईबद्दल बोलायला लागले. ती काय रांधायची, हुपरीच्या माहेरी लहानपणी चांदीच्या पैंजणांच्या कड्या कशी जोडायची, चिडली की भांड्यांशी कशी बोलायची. बायका सुया थांबवून ऐकायच्या. आई असताना मला तिच्याबद्दल असं कधी बोलता आलं नव्हतं, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मग जात का नाहीस?' उभं असायचं. आता ते नव्हतं. मी रडलेसुद्धा. एकीनं रुमाल दिला. संध्याकाळी घरी येऊन मी आईला फोन लावला आणि ती म्हणाली, "काय गं, सर्दी झालीया व्हय?"

मिलिंदनं कपाटात पेटी बघितली. "हे कोणी दिलं?" मी म्हटलं, "वर्गातल्यांनी." त्याला तिथले रिवाज माझ्याइतकेच कळतात. त्यानं पेटी होती तशी ठेवली आणि त्या दिवशी जेवताना आईची तब्येत विचारली. एरवी तो विचारत नाही.

महिने गेले. फुलांची एक बाजू भरत आली. सुनंदानं एकदा विचारलं, "आक्का, ते शिवणकाम करतीस म्हणालतीस, फोटू तरी धाड." मी पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन.

"आईला दाखवलं. किती येळ फोन सोडंना. म्हणती, आपली शेवंती हाय ही, पाकळी वळखली मी. कुणासाठी गं करतीस?"

"आईसाठी."

"मग घिऊन कवा येतीस?" इतक्या दिवसांनी तिनं ते विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी नेहमीसारखं काहीतरी सांगितलं असतं. मी सगळं सांगून टाकलं. बाईंचा प्रश्न, माझं उत्तर, उदबत्त्या. बरं वाटलं, तेही.

मग सुनंदा म्हणाली, "आई मेली व्हय तिकडं? मग हितं मी रोज कुणाचं पाय चेपतोय?"

"सुने—"

"बारावं घातलंस का न्हाई? का तेबी माझ्यावरच?"

मागून आईचा आवाज आला, "काय म्हणती गं ती?"

"तू मेलीस म्हणती!"

"आण तो फोन हिकडं." फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. आईनं तोंडाशी अगदी जवळ धरला असावा, तिचा श्वास ऐकू येत होता. "मी कशानं मेलो म्हणून सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हणाले असते, झोपेत."

"बरं केलंस. तरास तरी दिला न्हाईस मला." मग म्हणाली, "बायका काय म्हणाल्या?"

"वाकल्या. उदबत्त्या दिल्या."

"वास चांगला हाय का?"

मी रडत होते. म्हटलं, "चांगला आहे."

"मग तिथं कशाला ठेवलीयास पेटीत? हिकडं आण, देवाला लावू. उदबत्तीला काय मेल्यालं-जित्यालं कळत न्हाई."

त्यानंतर सुनंदा माझ्याशी बोलेना. मी फोन केला की "हं" म्हणून आईच्या हातात द्यायची. आई मात्र रोज बोलायची, आणि रोज त्या कापडाचं विचारायची. किती झालं, कुठली बाजू राहिली. एकदा म्हणाली, "त्ये शालीसारखं खांद्यावर घ्यायचं मला काय नको. लोकं हसतील. तू त्ये वेगळ्या कामाला केलंयस, त्याच कामाला घेतो मी."

मला पटकन कळलं नाही. की कळलं, म्हणून विचारलं, "म्हणजे?"

"माझी पेटी हाय की. पांढरं लुगडं ठेवलंय त्यात, तुळशीची काडी ठेवलीया. सुनीला सगळं दाखवून ठेवलंय. त्यावर हे घाला." आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका आपल्या शेवटच्या दिवसाचं सामान असं स्वतःच बांधून ठेवतात. त्याचं त्यांना काही वाटत नाही. "तुझं बाबा गेल्यापास्नं फूल म्हणून डोक्यावर घेतलं न्हाई. जाताना अंगावर असू दे. तवा मला कोण आडवणार हाय?"

सुनंदा वर्षानुवर्षं तिला 'घाल की' म्हणत होती आणि ती हसण्यावारी नेत होती. तिला ते किती हवं होतं, हे आम्हा दोघींपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

"आणि पोष्टानं धाडू नको," ती म्हणाली. "हातानं आणून दे."

मग मी काय केलं, तर हात आखडता घेतला. एक पाकळी भरायची, उसवायची, पुन्हा भरायची. कापड पुरं होईतो आईला काही होत नाही, असं काहीतरी मनाशी धरून बसले. बाई म्हणाल्या, तुमचा टाका पूर्वी इतका साशंक नव्हता. एक दिवस चौकटीपुढं बसल्या बसल्या मला दिसलं, की ओमकारच्या परीक्षेसारखंच हे झालंय. कापड पुरं व्हायचंय, म्हणून येत नाही. तिकीट काढलं. कापड अर्धं होतं तसंच गुंडाळलं, चौकटीच्या पट्ट्या सोडवून बॅगेत तिरक्या घातल्या, उदबत्त्यांची पेटी घेतली. बाईंना सांगितलं, गावी जाऊन येते. त्या म्हणाल्या, आईंच्या घरी माझाही नमस्कार ठेवा. खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. परत गेल्यावर सांगेन असं ठरवलं आहे. माझ्या ठरवण्याचं काय होतं, ते तुम्ही आता वाचलंच आहे.

दार सुनंदानं उघडलं. केस पांढरे झालेत तिचे, फोनवर ते दिसत नव्हते. बॅग माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "चा टाकतो." एवढंच. आई कॉटवर बसलेली. केवढीशी झालीय. माझ्या गालावरून हात फिरवला आणि सुनंदाला ओरडून म्हणाली, "अगं, मला मयताला पावणं आलंया, साखर जास्त घाल!" आणि हसत सुटली. सुनंदा हसली नाही. मीही नाही.

दोन-तीन दिवसांनी मी भांडी विसळत असताना सुनंदा शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "खोटं बोललीस त्येचं मला काय न्हाई आक्का. कोण बोलत न्हाई? पर तुला बरं वाटलं म्हणालीस. त्ये मनातनं जाईना."

"मला कळतंय."

"न्हाई कळत. मलाबी वाटतं कधी कधी. रातीला चारदा उठवती, तवा वाटतं. सुटेल एकदाची, मी सुटंन. आणि मग तिच्या अंगावर पांघरूण सारखं करतो. तू लांब बसून बरं वाटून घेतलंस. मला हितं कुठं जाऊन वाटून घिऊ?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिनं तो काढला नाही, पण तिचा खांदाही सैल झाला नाही. ओल्या हातानं तिनं नळ बंद केला.

आता मी आईच्या खोलीत कॉटशेजारी चौकट मांडून बसते. दोन स्टुलांवर टेकवली आहे. खालचा हात अंधारात, वरचा उजेडात. बाहेर तालमीपुढं पोरं गाड्या उभ्या करून मोठमोठ्यानं बोलत असतात, मला आधी दचकायला व्हायचं, आता होत नाही. घरामागचे डबे गंजले आहेत, त्यातल्या दोनांत सुनंदानं कढीपत्ता लावलाय. ती दुपारी थोडी झोपते. गेल्या कित्येक वर्षांत दुपारी झोपलेली नाही, असं आई सांगते. रात्री आईला उठवायचं, बसवायचं, हे सध्या मी करते. माझं परतीचं तिकीट काढलेलं आहे, हे तिघींनाही माहीत आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

घर म्हणजे काय, असं अशा लिखाणाच्या शेवटी सांगायचं असतं. जपानच्या घरात माझ्या वस्तू आहेत, नवरा आहे, सुट्टीला येणारा मुलगा आहे. इथं माझं असं काही उरलेलं नाही, माझ्या खोलीत आता औषधांचं कपाट आहे. पण मी जे केलं ते सगळं माहीत असलेली दोन माणसं याच घरात आहेत, आणि ती मला चहा देतात. सध्या माझ्यासाठी घर एवढंच आहे. किती दिवस राहील, सांगता येत नाही.

काल पाकळी भरत होते तर आई कॉटवरून वाकून बघायला लागली. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. कड्या जोडलेल्या हाताची माणसं ती, नजर अजून बारीक आहे.

"एवढं बारीक कशाला भरतीस गं?" ती म्हणाली. "जळायचंच हाय की त्ये."

माझी सुई थांबली.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "भर. मला काय घाई न्हाई."